घोड्यांच्या शर्यतीस 'मागील खुशाल?' पुकारण्याचा दंडक कैसा पडला

श्रीकुलस्वामिनीस दंडवत घालोन, आणि घरची मंडळी स्वस्थ आहेत हे एकवार पाहोन, लेखनास आरंभ केला ऐसा जे. शके सतराशे बारा, साधारण नाम संवत्सर, चैत्रमासी पाडव्याचे दिवशी एका राज्यात थोरल्या आईसाहेबांनी सूनबाई लाडूबाईसाहेबांस सांगितले की, "चंपाकळी घोडीस शर्यतीस खुशाल न्या, पण तिच्या शिंगरापाशी पागेत कोणी ठेवा. एकटे बांधू नका." तेव्हा लाडूबाईसाहेब हसोन बोलिल्या, "आईसाहेबांस विहीर दिसली की घागर बुडालेलीच दिसते!" आणि विषय तेथेच राहिला.

ही शर्यत मुळात कैसी पडली म्हणाल, तर पूर्वी एके साली राज्याचे घोडे झाडून स्वारीस गेले, आणि तिकडून हुजुरांचा निरोप आला की पाडव्यास रिवाजाप्रमाणे घोड्यांची शर्यत करावी. कारभारी भिकाजीपंत डोके खाजवू लागले, तेव्हा आईसाहेब बोलिल्या, "पंत, घोड्यांची म्हणजे घोडा की घोडी, हे हुजुरांनी कोठे सांगितले?" मग घोड्या आणि तरण्या वछेऱ्या धावविल्या, आणि पुढे घोडे परतले तरी त्यांस या मैदानी मज्जाव जाहला तो जाहलाच.

असो. त्या दिवशी नौबत झडली, आणि चंपाकळी सर्वांपुढे निघाली, आणि मैदानालगतच्या पागेतून शिंगरू खिंकाळत होते, आणि दर खिंकाळीस घोडीचा एक कान मागे वळे, परंतु पाय थांबेना. निशाण कासराभर राहिले, तो पागेतील खिंकाळी बंद पडली. मग घोडी जागीच ठाकली, स्वार कोलमडला, आणि ती माघारी सुटली. लोक हसो लागले. भिकाजीपंत बोलिले, "सरकारची घोडी पाठ दाखवून पळाली की हो!" लाडूबाईसाहेबांच्या कडेवर सहा महिन्यांचे लेकरू होते, ते त्यांनी आईसाहेबांच्या हाती दिले, आणि "रडते तोवर धास्ती नाही हो, गप्प जाहले म्हणजे..." इतके बोलोन, जोडा टाकोन, घोडीमागे धावल्या.

पागेत पाहतात तो घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार सारे शर्यत पाहावयास गेलेले, शिंगराने खुंट्याभोवती फिरोन दावे मानेस आवळून घेतलेले, आणि चंपाकळी त्यास नाकाने ढोसते आहे. बाईसाहेबांनी कट्यारीने दावे कापिले. शिंगरू निपचित पडोन राहिले, मग खोकले, मग धडपडोन उठले, आणि आधी दुधास लागले. आईसाहेब नातवास कडेवर आणि सुनेचा जोडा हाती घेऊन दाराशी पोहोचल्या. बोलावयाचे पुष्कळ होते, परंतु सुनेचे अनवाणी पाय पाहोन इतकेच बोलिल्या, "जोडा घाला. भुई तापली आहे."

शर्यत कोणा वछेरीने जिंकिली, तिचे नाव कोणास स्मरत नाही. परंतु तेव्हापासून शर्यत सुटण्याआधी "मागील खुशाल?" ऐसा पुकारा होतो, आणि पागेतून "खुशाल!" आल्यावाचून टिपरू नगाऱ्यास लागत नाही. एके वर्षी उत्तरास विलंब लागला, आणि पाहुणे सरदार कुरकुरले, "बाईसाहेब, ऊन चढले." त्या बोलिल्या, "चढो. संध्याकाळी उतरेल."

ऐसी ही घोड्यांची शर्यत घोडीजातीची जाहली, ती चालत आली. वाचणारांस विनंती इतकीच की, आतल्या खोलीतून मघापासून काही आवाज आला नसेल, तर हे येथेच ठेवोन उठावे आणि लेकरू पाहोन यावे. निजले असेल तर उत्तमच.