बोलावणं आल्याशिवाय

गफूरभाई पिंजारी मोबाइलवरच्या कुठल्याही ॲपमध्ये स्वतःहून कधी शिरले नाहीत. सगळी चित्रं पडद्यावर ओळीनं मांडलेली असायची, बोट लावलं की उघडली असती. ते लावायचे नाहीत. टिंग वाजून वरून नोटिफिकेशनची पट्टी उतरली, की दाभण गादीत खोचायचे, हात बंडीला पुसायचे आणि जाहीर करायचे, "बलावनं ऊनं!" मग त्या पट्टीवर अलगद बोट ठेवून आत जायचे.

"बलावाबिगर कोना घर जावानं नही, कंडक्टरसायेब," असं ते मला सांगत. मी एसटीतला निवृत्त कंडक्टर. 'साहेब' मला जगात फक्त तेच म्हणाले.

बोलावणारा कोण, हे मात्र ते बघत नसत. जेवण घरपोच देणाऱ्या ॲपनं विचारलं, "भूक लागली का?" की हे आत जाऊन मोठ्यानं सांगायचे, "नही रे भो, आत्तेच जेवनू." नंदुरबारला ती सेवा नव्हतीच. तरी दोन मिनिटं तिथले फोटो बघत बसायचे. "लगेच उठनं बरं दिखस नही." मे महिन्यात हवामानाच्या ॲपनं कळवलं, आज ऊन कडक आहे. गफूरभाई घाम पुसत म्हणाले, "माले माहीत शे भो, मीभी आठेच ऱ्हास."

एकदा उघडलेलं ॲप ते बंद करत नसत. आणि परत बोलावल्यावर उठलेल्या जागीच बसायला मिळालं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. काही ॲप पट्टीवर बोट लावताच पहिल्यापासून सुरू व्हायची, नाव-नंबर मागायची. मग ते फोनवर तापायचे. "काल आठेच व्हतू ना मी? मंग परत नाव कसाले इचारस?"

त्यांच्या मते एकच ॲप खानदानी होतं, शतरंजचं. पूर्वी आम्ही रोज दुपारी त्यांच्या दुकानात, कापसाच्या ढिगाशेजारी पट मांडायचो. मी रेल्वे लाइनच्या पलीकडे राहायला गेलो, गुडघेही कुरकुरायला लागले, तेव्हा माझ्या सुनेनं दोघांच्या फोनवर डाव सुरू करून दिला. मी चाल केली की त्यांच्याकडे टिंग. बोट लावलं की थेट पट समोर, सोंगट्या होत्या तिथंच. "याले म्हनतस शिस्त," गफूरभाई म्हणायचे.

आमच्या गल्लीत आजही म्हणतात, गफूर पिंजारी हरायला लागला आणि डाव सोडून पळाला. हे वाक्य माझं आहे. ते खोटं आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

मिरचीच्या हंगामात एकदा मी दुकानात गेलो होतो. बाजारातून ठसका येत होता, आणि मी धडगावच्या घाटात आमच्या गाडीचा ब्रेक कसा निकामी झाला ते सांगत होतो. गाडी ऐन वळणावर आली की टिंग. "बलावनं ऊनं!" गफूरभाई आत. असं तीनदा झालं. आयुष्यभर घंटी मी वाजवली आणि लोक थांबले. इथं मला थांबावं लागत होतं. ते नमाजाला उठले तेव्हा मी त्यांचा फोन घेतला आणि सगळ्या नोटिफिकेशन बंद करून टाकल्या. सगळ्या म्हणजे शतरंजचीसुद्धा. गोष्ट संपली की चालू करू, असं ठरवलं. ते आले, गाडी घाटातून सुखरूप उतरली, आणि मी विसरून घरी आलो.

संध्याकाळी मी घाईत वजीर हलवला. हलवल्यावर दिसलं, त्यांच्या घोड्याच्या एका उडीत माझा राजा जाणार. चाल परत घेता येत नाही. मी टिंगची वाट बघत बसलो. चार दिवस झाले, आठ झाले. मग चहाच्या टपरीवर मी ते वाक्य टाकलं आणि सगळे हसले.

हसणं विरायच्या आत टपरीवाला म्हणाला, "गफूरभाईना फोन आजकाल वाजस नही. बिघडना का काय?"

माझा कप तोंडाशीच राहिला. मला सगळं आठवलं. पण लोक नुकतेच माझ्या विनोदावर हसले होते, आणि तो घोडाही मला दिसत होता. उद्या सांगू, म्हटलं. लाइन ओलांडली की दहा मिनिटांवर दुकान. पुढच्या मिरच्या बाजारात आल्या तरी मी गेलो नाही. त्याच आठवड्यात गफूरभाई गेल्याचं कळलं.

चाळिसावा झाल्यावर भाभींनी निरोप धाडला. फोनचं काय करावं त्यांना कळेना. फोन पूर्ण चार्ज होता.

"आजूनभी चार्जिंगले लावस मी," भाभी म्हणाल्या. "लाइट गई तं तुमना दोस्त जनरेटरवाली गिरणीवर जाईसन चार्जिंग करेत. म्हनेत, फोन बंद व्हयना तं डाव मोडी जाई."

"माझ्याबद्दल काही बोलायचे?"

"म्हनेत, कंडक्टरसायेब नाराज शेतस. मन्हीच काही चूक व्हई. बलावतीन तवय जासू."

मी त्यांच्यासमोरच फोनची घंटी चालू केली. काय केलं होतं, तेही सांगितलं. मग माझ्या फोनवरून डावाची आठवण पाठवली. त्यांच्या फोनवर टिंग वाजलं. मी पट्टीवर बोट ठेवलं.

नाव विचारलं नाही, नंबर विचारला नाही. पट समोर आला. घोडा तिथंच उभा होता.

मी त्यांच्यासारखं बोट सदऱ्याला पुसलं आणि गफूरभाईंच्या वतीनं त्याला उडी मारायला लावली. पडद्यावर आलं, 'तुम्ही जिंकलात.' त्याच क्षणी माझ्या खिशात टिंग वाजलं. मी हात खिशाशी नेला आणि तसाच बसून राहिलो.

भाभींनी पदरानं डोळे टिपले. म्हणाल्या, "भाऊ, तुम्हले बलावनं ऊनं."