खारूताईच्या रोज बदलत्या उड्या

एका जंगलात सकाळी सकाळी टिटवी ओरडत गेली, "ऐकलंत का, खारूताई पाळणाघरातली पोरं रोज बदल..." आणि बाकीचं तोंडातच ठेवून उडाली.

आता बाळांनो, अर्धी बातमी माझ्या पोटात राहत नाही. कोणाच्या घरात डोकवायची मला सवय नाही, पण दार उघडं असलं की मान आपोआप वळते.

खारूताईचं पाळणाघर उंबरावर होतं. उंबराला ढोल्याच ढोल्या. पोर कुठल्या ढोलीत ठेवायचं, त्याचा नियम साधा होता. नावातल्या प्रत्येक अक्षराला ठरलेल्या उड्या. खारूताई नाव म्हणत उड्या मारायची. थांबेल ती ढोली. संध्याकाळी आई आली की पुन्हा नाव, पुन्हा उड्या, की पोर हातात. शोधाशोध नाही. नियम सगळ्या जंगलाला पाठ होता.

कोल्ह्यालाही होता.

एक दिवस तो चाळीस पोरं घेऊन आला. एवढी कुठून आणली, मला काय करायचंय? तरी विचारलंच.

"भाचे आहेत, मावशी," तो म्हणाला.

गुब्या, ढब्या, टुल्या... नावं वेगवेगळी, पण उड्या साऱ्यांच्या नऊ. सगळी नवव्या ढोलीत कोंबली गेली. बाकीच्या ढोल्यांत वारा खेळत होता.

सशिणीच्या पिल्लाचं नाव टिपूस. त्याच्याही उड्या नऊ.

संध्याकाळी सशीण आली. खारूताईनं ढोलीत हात घातला. गुब्या निघाला. "तू टिपूस?" "नाही." ठेवला परत. मग ढब्या. तोही नाही. खाली उजेड कमी होत होता आणि झुडपात कोल्हा मिटक्या मारत होता.

"अगं, लवकर काढ गं बाई!" सशीण रडकुंडीला आली. "अंधारात तो आम्हाला घरी पोचू द्यायचा नाही."

टिपूस अगदी शेवटी निघाला. नशीब, तेवढ्यात हत्ती चालला होता. मायलेकरं त्याच्या पोटाखालून घरी गेली. पण हत्ती काय रोज येतो?

दुसऱ्या दिवशी पहाटे खारूताईनं डोळे मिटून प्रत्येक अक्षरासाठी मूठभर चिंचोके उचलले. जितके चिंचोके, तितक्या उड्या. कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर रोज पहाटे नवी मूठ. कोल्ह्याचे भाचे झाडभर विखुरले. टिपूस एकटाच एका ढोलीत ऐसपैस झोपला, आणि उन्हं असतानाच घरी गेला.

कोल्हा उपाशी राहिला. पण बोंब मारली ती अस्वलरावांनी.

पोराला सकाळी सोडायचं काम अस्वलीणबाईंचं, न्यायचं अस्वलरावांचं. "माझं पोर कायम तिसऱ्या ढोलीतून निघायचं!" ते सभेत गरजले. "हात घालायचा, उचलायचं, निघायचं. काल घरी जाऊन पाठ थोपटली, तर हातभर काटे!"

"ते साळिंदराचं होतं," खारूताई म्हणाली. "आणि भाऊ, तिसरी ढोली मी कधी कबूल केली होती? नाव सांगायचं ना. काय नाव पोराचं?"

अस्वलरावांनी डोकं खाजवलं. "घरी आम्ही बाळ्याच म्हणतो."

कोल्हा हात जोडून उठला. "मुद्दा नावाचा नाही. नियम सगळ्यांना आधी कळला पाहिजे. कारभार उघडा हवा!" टाळ्या पडल्या.

सशीण उभी राहिली. "आणा जुना नियम. फक्त रोज अंधारात मला नि टिपूसला अस्वलरावांनी घरी सोडायचं."

अस्वलरावांनी बराच विचार केला. सशिणीचं घर टेकडीपलीकडे. त्यापेक्षा स्वतःच्या पोराचं तोंड बघणं कमी कष्टाचं होतं. त्यांनी तक्रार मागे घेतली. चिंचोके राहिले.

तर टिटवीची बातमी अगदीच खोटी नव्हती. खारूताई रोज बदलायची त्या उड्या. पोर बदललं एकच, तेही बापानं. आणि साळिंदरीण सांगत होती, उरलं म्हणून तिनं घरी नेलेलं अस्वलाचं पोर आता परत जायला तयार नाही. तिच्याकडे त्याला नावानं हाक मारतात.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी ठरल्याप्रमाणे वागावं. कोल्ह्याला हिंडावं लागत नाही, आणि बापाला पोराकडे बघावं लागत नाही.