सोमाच्या बिडी सोडायच्या तऱ्हा

२०२२ साली आमच्या नाकाडोंगरीच्या सोमाले सदुसष्टावं लागलं, आणि त्या एका सालात त्यानं अकरा वेळा बिडी सोडली. मी शाळेत दुसरीच्या पुढं गेलो नाही, पण अकरा मले बरोबर मोजता येते.

कारण तसं होतं. त्याची बायको भागरथा आंगण झाडताना दम लागून मधातच बसून जाय. तुमसरच्या डॉक्टरनं सोमालेच दटावलं, "घरातला धूर बंद करा, नाहीतर या बाईचं काही खरं नाही."

पहिल्या खेपेले सोमानं गावभर फिरून सांगितलं, "आजपासून बंद!" ज्याच्या ज्याच्या ओट्यावर सांगितलं, तिथं तिथं त्या आनंदात एक एक ओढली.

मग म्हणे, "बिडीत खोट नाही गा, खोट काडीत आहे." घरातल्या साऱ्या काडीपेट्या माझ्याकडं आणून टाकल्या. सकाळी माझ्या चुलीवर एक बिडी पेटवली. ती विझली तर पुन्हा माझं तोंड पाहावं लागते, म्हणून तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. दिवस बुडेपर्यंत गड्यानं इस्तो विझू देला नाही.

मग अडकित्त्यानं बिड्या अर्ध्या कापल्या. एका अर्धीनं भागेना, तर दोन अर्ध्या संगमंग तोंडात.

"काहून नाटकं करून राहिला बे?" मी म्हटलं.

"नाटक नाही गा, सोडून पाहून राहिलो. तू तं एकदाबी नाही सोडली!"

दिवाळी झाली आणि सोमा माझ्या ओट्यावर यायचाच बंद झाला. चाळीस वर्षांची आमची सकाळची बैठक! आठ दिवस मीही गेलो नाही. मी कायले जाऊ? नवव्या दिवशी सांजेले गेलो, ते भांडायलेच. सोमा भागरथाची पाठ शेकून देत होता. मले पाहून ती चहा ठेवायले आत गेली.

"येत काहून नाही बे?"

"तुह्याजवळ बसलो का हात आपोआप उठते. आठ दिवस झाले, एकबी नाही ओढली."

"आता हे कोनती तऱ्हा?"

"कोनतीच नाही. नुसती ओढत नाही."

मग आतल्या दाराकडं पाहून हळूच बोलला, "लग्नाच्या आंधी मी बिडी ओढतच नव्हतो गा. हे नवी नवरी, बिड्या वळाले बसे. हात बसला नव्हता. ठेकेदार निम्म्या बिड्या छाट म्हनून वापस करे. घरी येऊन रडे बिचारी. म्या म्हनलं, आन इकडं, मले आवडते. त्या वाकड्या बिड्या ओढू ओढू सवय लागली. तिले अजून माहीत नाही."

आत ती खोकलली. सोमा बोलणं तसंच टाकून पाण्याचा गडवा घेऊन धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरीच दोन बिड्या ओढून घेतल्या, निंबाच्या काडीनं दात घासले, तीनदा चूळ भरली, आणि खिसा रिकामा करून सोमाच्या ओट्यावर जाऊन बसलो.