कापडी बांधणीतला खर्च

पावत्यांचं पुस्तक फार देखणं झालं होतं. गडद निळं कापड, कोपऱ्यांना चामडं, पाठीवर सोनेरी अक्षरांत एकच शब्द: ‘खर्च’. बाइंडरनं ते बायकोपुढे टेबलावर ठेवलं आणि सासरी निघालेल्या लेकीकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत उभा राहिला.

“घे, वाच,” तो म्हणाला. “तू तारीख आणि रक्कम सांगत जा, मी फॉर्मात लिहीत जातो. दहा वाजलेत. बारापर्यंत मोकळे होऊ.”

मोकळं होणं भागच होतं. दुकानाची इमारत विकली गेली होती आणि नव्या मालकाचं पत्र आलं होतं. आज संध्याकाळी सहाच्या आत यंदाचं कर-विवरणपत्र भरल्याची पोच दाखवा, तर गाळ्याचा करार पुढे चालू. नाहीतर गाळा रिकामा करा. अकरा वर्षांचा गाळा. आतलं कटिंग मशीन बाहेर काढायचं तर भिंतच पाडावी लागली असती. दरवर्षी विवरणपत्र मेव्हणा भरून द्यायचा. यंदा तोच कामात बुडालेला. फोनवर एवढंच म्हणाला होता, “दाजी, सोपं असतं हो. फक्त पावत्या सुट्या ठेवू नका, नीट लावून ठेवा.”

बायकोनं पहिलं पान उघडलं. मग दुसरं. मग मधलंच एक.

“अहो, तारीख कुठंय?”

“वर कोपऱ्यात असेल.”

“वर काही नाही.”

“बरं, खाली रक्कम बघ.”

“खालीही काही नाही.”

“मग आहे तरी काय?”

“मधलं आहे. ‘पुठ्ठा, जाड, चार गड्ड्या.’ आणि चहाचा डाग.”

बाइंडरनं पुस्तक ओढून घेतलं. पानं भराभर उलटली आणि मग हळूहळू उलटली. त्याच्या हाताला एक सवय होती. पुस्तक शिवून झालं की ते यंत्रात सरकवायचं, तिन्ही बाजूंनी कडा कापायच्या, पानं अशी एकसारखी करायची की बोट फिरवलं तर लोण्यावरून फिरल्यासारखं वाटावं. पावत्या निरनिराळ्या मापांच्या होत्या. सगळ्यांत लहान पावती सुयांच्या पाकिटाची, तळहाताएवढी. त्यानं बाकीच्या सगळ्या तिच्या मापाला आणल्या होत्या. वर्षभरात काय काय घेतलं ते आता स्वच्छ कळत होतं. कधी आणि केवढ्याला, ते मात्र गेलं होतं.

“तुम्ही तारखा कापल्यात?”

“कडा कापल्या. तारखा कडेला होत्या.”

“अहो, पण कशाला?”

“तुझा भाऊच म्हणाला ना, सुट्या ठेवू नका म्हणून.”

“तो फाइल म्हणत होता, फाइल!”

“फाइल म्हणजे भोकं पाडून अडकवलेला कागद. ती काय बांधणी झाली?” बाइंडर जरा दुखावलाच. “आणि शिवलंस तर तूच. शिवताना दिसलं नाही तुला?”

“मी शिवलं तेव्हा तारखा होत्या. कापणं तुमच्याकडे असतं. आणि शिवताना मी वाचत नाही. तसं वाचायला लागले असते, तर एव्हाना वकील झाले असते.”

कापलेल्या पट्ट्या यंत्राखालच्या पोत्यात होत्या. पोतं जमिनीवर रिकामं केलं तेव्हा कळलं की त्यात नुसत्या पावत्यांच्या पट्ट्या नाहीत. गेल्या महिन्याभरातल्या सगळ्या पुस्तकांच्या कडा आहेत. दोघं गुडघे टेकून बसली. पांढऱ्यातून पांढरं निवडायचं, पिवळ्यातून पिवळं. एक पट्टी हाती घ्यायची, पानाला लावून बघायची, जुळत नाही म्हणून ठेवायची, ठेवलेलीच पुन्हा उचलायची. साडेअकराला एक गिऱ्हाईक डोकावलं. दार उघडताच वारा आत आला आणि लावून ठेवलेल्या सगळ्या पट्ट्या उठून नव्या ओळखी करायला निघाल्या.

“काही हरवलंय का?” गिऱ्हाइकानं विचारलं.

“मागचं वर्ष,” बायको म्हणाली. “तुम्ही उद्या या.”

एक वाजेपर्यंत दोनशे बारा पावत्यांपैकी एकोणीस जुळल्या. त्यातल्या एका पावतीला खालची रक्कम म्हणून जी पट्टी लागली होती, ती कुठल्याशा प्रबंधाच्या पानाचा आकडा निघाली. बाइंडरची पाठ धरली होती. तो भिंतीला टेकला. तो दमला होता, आणि हा थकवा काही आजचा नव्हता. आजच्या थकव्यानं फक्त जुन्याला बसायला जागा करून दिली होती.

“उठा,” बायको म्हणाली. “आहे तसं घेऊन जाऊ. खिडकी पाचला बंद होते.”

कर कार्यालयातल्या रांगेत त्यांना अडीच तास काढावे लागले. खिडकीमागच्या बाईंच्या चेहऱ्यावर सकाळपासूनची माणसं साचलेली होती. बाइंडरनं घसा साफ केला, पुस्तक पुढे सरकवलं, आणि वाटेत पाठ केलेलं भाषण सुरू केलं. “त्याचं असं झालं, मॅडम, की कडा कापताना...”

बाईंनी पुस्तक उचललं. उलटसुलट केलं. कापडावरून हात फिरवला.

“सुंदर आहे. काय आहे हे?”

“पावत्या.”

“पावत्या आम्हाला लागत नाहीत. घरी ठेवा. बँकेचा उतारा आणलाय?”

बाइंडरनं बायकोकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. तिनं पिशवीतून उतारा काढून दिला. कागदवाला, कापडवाला, चामडंवाला, सगळे त्यात तारखेनिशी आणि रकमेनिशी ओळीनं उभे होते. बाई भराभर आकडे भरत गेल्या.

“विवाहित?”

“हो.”

“पत्नी काय करतात?”

“काही नाही. म्हणजे, घरीच असते.”

बायकोनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एवढंच. पण बावीस वर्षांच्या संसारात बाइंडरला या हालचालीचा अर्थ चांगला ठाऊक झाला होता.

“मग दर महिन्याच्या एक तारखेला हे एवढे पैसे कुणाच्या खात्यात जातात?”

“हिच्याच.”

“कशाबद्दल?”

“माझ्या हातात पैसा टिकत नाही.”

“असा रकाना नाही,” बाई म्हणाल्या. “दोनच आहेत. घराला दिलेत की कामाचे दिलेत?”

“फरक काय पडतो?”

“घराला दिलेत तर ते तुमचंच उत्पन्न. त्यावर कर आत्ता भरायचा, इथेच. कामाचे असतील तर ती मजुरी, तुमच्या उत्पन्नातून वजा. पण काम खरोखर करत असल्या तरच. खोटं लिहिलंत तर माझ्याकडे नाही, वरच्या मजल्यावर जावं लागतं. करतात का काम?”

मागची रांग खोकली. बाइंडर बायकोच्या हातांकडे बघत होता. उजव्या तर्जनीला चिकटपट्टी, डाव्या अंगठ्याला दोऱ्यानं पाडलेली रेघ. सकाळी दोरा ओवायचा, दुपारी दोरा ओढायचा, दिवेलागणीला गाठ मारून दातानं तोडायचा. अकरा वर्षांत दुकानातून बाहेर पडलेलं एकही पुस्तक असं नव्हतं, जे तिच्या मांडीवरून गेलं नव्हतं. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. फक्त आजवर कुणी रकाना दाखवून विचारलं नव्हतं.

“कामाचे,” तो म्हणाला. आणि बोललोच आहोत तर पूर्ण बोलावं म्हणून पुढे म्हणाला, “शिलाई सगळी हिची असते. मी नुसते पुठ्ठे लावतो.”

“आणि तारखा कापता,” बायको हळूच म्हणाली. पण पिशवी तिनं खाली ठेवली होती.

बाईंनी कळ दाबली. कागद बाहेर आला. “माल गेला, भाडं गेलं, मजुरी गेली. तुमचं उत्पन्न जवळजवळ शून्य. कर नाही.”

“सुटलो!” बाइंडर म्हणाला.

“तुम्ही सुटलात. आता ताईंचा फॉर्म. मजुरी मिळाली म्हणजे त्यांचं उत्पन्न झालं.” बाईंनी नवा कागद घेतला. “घरखर्च कोण करतं?”

“मी,” बायको म्हणाली.

“वीज, किराणा, औषधपाणी?”

“मीच.”

“यांच्याकडे तर काही उरत नाही. मग यांचं कसं चालतं?”

बायकोनं नवऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. “माझ्यावर चालतं.”

“अवलंबून असलेल्या व्यक्ती, एक,” बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “नातं?”

“नवरा.”

“त्याची सवलत मिळेल तुम्हाला.”

“मी इथेच उभा आहे, मॅडम,” बाइंडर म्हणाला.

“उभे राहा ना. सही त्यांची लागेल.”

पाचला सात मिनिटं कमी असताना दोन पोचपावत्या हाती आल्या. बायकोला करही बेताचाच बसला. नव्या मालकाच्या ऑफिसात ती दोघं पोचली तेव्हा सहाला दहा कमी होते. नवा मालक तरुण होता, आणि घाईत होता. त्यानं बाइंडरची पोच वाचली आणि चष्मा वर केला.

“उत्पन्न शून्य? मग भाडं कशातून देणार?”

बाइंडरनं तोंड उघडलं. जी जी खरी उत्तरं सुचली, ती सगळी कर कार्यालयाच्या त्याच खिडकीवर परत घेऊन जाणारी होती. बायकोनं आपली पोच पुढे सरकवली.

मालकानं ती वाचली. पुन्हा वाचली. मग उठून समोरची एकुलती एक खुर्ची तिच्यासाठी ओढली. “बसा ताई. करार तुमच्या नावानं करू. हे नियमित उत्पन्न दिसतंय, काही अडचण नाही.” मग त्याची नजर तिच्या मागे उभ्या असलेल्या, निळं पुस्तक छातीशी धरलेल्या माणसाकडे गेली. “आणि हे कोण?”

बायकोनं पेनाचं टोपण काढलं होतं. ती करार वाचत होती. अक्षर न् अक्षर, कडेपर्यंत.

“हे होय?” ती मान वर न करता म्हणाली. “हे माझ्याकडे असतात.”

तिनं सही केली. मग पेन खाली ठेवून म्हणाली, “यांना पण एक खुर्ची मिळेल का हो? सकाळपासून दमलेत.”