गाडी एक, वाटा दोन

नरसिंग अण्णांच्या जीपमधून आळंदला जायचं असेल, तर आधी तिच्या चाकांत हवा भरावी लागे. स्वतःच्या हातानं, माणशी चाळीस वेळा पंप मारून. सरपंच असो की नवरदेव, सुटका नसे. आमच्या गावचा एक नवरदेव मुंडावळ्या बांधून फाट्यावर पंप मारत होता आणि सगळं वऱ्हाड मोठ्यानं मोजत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बत्तिसाव्याला तो दमून थांबला. अण्णा म्हणाले, "आठ राहिल्यात. संसार बी आसाच अर्धा सोडणार हाईस का?"

आमचं गाव कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात, मादन हिप्परग्याच्या अंगाला. गावापासून डांबरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत पाच किलोमीटर काळी माती. हा पाच किलोमीटरचा रस्ता कागदावर दोनदा डांबरी झालेला आहे. ज्यांनी तो कागदावर केला त्यांच्यासाठी माझ्याकडे काही शब्द आहेत. मी शाळामास्तर असल्यामुळे ते इथे लिहिता येत नाहीत, याचाही मला राग आहे.

पावसाळ्यात या मातीत चाक रुतलं की ते जागच्या जागी फिरतं आणि दर फेऱ्याला आणखी खाली जातं. त्यावर अण्णांचा उपाय होता. चिखलाला सैल टायर लागतो, तो मातीवर पसरून चालतो. डांबराला टणक लागतो. म्हणून रोज सकाळी चिखलातून फाट्यावर आलं की हवा भरायची, आणि संध्याकाळी परत येताना काडीपेटीतली काडी व्हॉल्वमध्ये खुपसून हवा सोडायची. हवेचं माप अण्णा टायर थोपटून घेत. एकदा मी म्हटलं, अण्णा, हवा मोजायचा काटा मिळतो. ते माझ्यावर असे भडकले की जणू मी त्यांच्या आईबद्दल काही बोललो होतो. "काट्याला काय कळतंय? काटा आपल्या चिखलात आलाय का कधी?"

अण्णांनी तीस वर्षं सरकारी खात्यात जीप चालवली आणि निवृत्त होताना तीच जीप लिलावात घेतली. रोज सकाळी गावातून निघायची, आळंदवरून गुलबर्ग्याला जायची, संध्याकाळी परत. मी आळंदच्या मराठी शाळेत शिकवायचो, म्हणजे रोजचा पंपवाला.

त्या वर्षांत मोठ्या रस्त्यावर नव्या नव्या गाड्या धावू लागल्या होत्या. गाणी लावणाऱ्या, गुळगुळीत, गादीच्या सीटच्या. शेजारच्या गावच्या जीपवाल्यांनी जुन्या जीपा मोडीत काढून तसल्या गाड्या घेतल्या. त्या फाट्यावर उभ्या राहत. गावात येत नसत. सगळे अण्णांना सांगत, एक काहीतरी ठरवा. चिखलाची गाडी ठेवा, नाहीतर डांबराची घ्या. अण्णांचा जबाब ठरलेला असे. "वाटा दोन आन गाडी एक. मग? अर्ध्यात उतरायचं का मान्सानं?"

गुलबर्ग्याच्या टायरवाल्या चाचांनी तर त्यांच्यापुढे हात जोडले होते. मोठ्या दातांचे टायर चिखल उत्तम कापत, पण डांबरावर असे घुमत आणि थरथरत की आळंद येईपर्यंत माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर येई. साधे टायर डांबरावर मऊ चालत, पण गावाच्या वाटेवर चिखलानं भरून गोल गुळगुळीत होत. अण्णांनी दोन्ही बसवून पाहिले. मग पुढे साधे, मागे दातांचे. मग उलट. चाचा म्हणाले, "अण्णा, एक गाडी में दो गाड्यां कैको मंगते?" अण्णा म्हणाले, "कीचड बी मेरा, रोड बी मेरा. आदमी तो एकीच है ना?" आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी चाचांनी कुठूनतरी मध्ये सपाट आणि कडेला दात असलेले टायर मागवले, बहुधा अण्णा पायरीवरून उठावेत म्हणून.

टायरचं भागलं तसे ते कमानपाट्यांच्या मागे लागले. जीपच्या खाली लोखंडी पानांचा जो पाटा असतो, त्यातलं एक पान काढलं की गाडी मऊ होते, पण खड्ड्यात बूड आपटतं. घातलं की आपटत नाही, पण हाडं खिळखिळी होतात. दर रविवारी अण्णा जीपखाली झोपलेले असत. एक पान काढ, दुसरं घाल. शिवाय गाडीत वजन असलं की पाटे नरम चालतात, म्हणून ते माणसं वजनानुसार बसवत. "पाटील मागं. मास्तर, तुम्ही पुढं, तुमचं काय वजनच न्हाई." पाटलीणबाईंना त्यांनी एकदा भर फाट्यावर मागच्या दोन चाकांच्या बरोबर मध्ये बसायला सांगितलं. त्या पुढे कधी जीपमध्ये आल्या नाहीत आणि अण्णांनाही त्याचं काही वाटलं नाही.

पण खरा छळ दह्याचा होता.

मागच्या सीटवर रोज एक दह्याचं गाडगं असे. रात्री विरजलेलं, घट्ट, झाकण नसलेलं. कुणी त्याला हात लावायचा नाही. आळंदला पोचलं की अण्णा वाकून बघत. हादऱ्यांनी दही मोडून पाणी सुटलेलं असलं की त्या दिवशी दिसेल त्याला शिव्या. गावातल्या बायकांनी या सगळ्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. त्यांना वाटलं, अण्णांनी गुलबर्ग्याच्या देवाला नवस बोललाय, रोज दही पोचवायचा. मग एकीनं आपलंही गाडगं दिलं, दुसरीनं दिलं. एका म्हातारीनं अण्णांच्या गाडग्याला हळदकुंकू लावून वाटेत नमस्कार केला. अण्णांनी पाच गाडगी रस्त्यावर ओळीनं उतरवून ठेवली आणि ओरडले, "देवाला न्हाई, पाट्याला हाय ह्ये!" यामुळे बायकांची खात्रीच झाली, की पाटा हे कुठलंतरी कडक दैवत आहे.

हे ऐकताना हसू येतं. पण शाळेत तपासणीला साहेब येणार होते त्या सकाळी मला हसू आलं नाही. मी पांढरी पँट घातली होती आणि नेमका त्या दिवशी मागे बसलो होतो. ओढ्याजवळ जीप एका बाजूला कलली आणि ते सगळं गाडगं माझ्या मांडीवर आलं. मी काही म्हणायच्या आत अण्णा मागे वळून ओरडले, "दही गेलं व्हय? किती गेलं?"

माझा तोल गेला. बारा वर्षं मारलेले पंप, भिजलेल्या वह्या, उशिरा पोचल्याची बोलणी, सगळं एकदम तोंडात आलं. मी म्हणालो, "भंगारात घाला ही गाडी. माणसं नेता का दही नेता? लोकांच्या गाड्या कुठल्या कुठे गेल्या आणि तुम्ही अजून पानं मोजताय. वेड लागलंय तुम्हाला, आणि त्या वेडापायी आमच्याकडून पंप मारून घेताय."

अण्णांनी ब्रेक दाबला. "उतर," ते म्हणाले.

मास्तर नाही, तुम्ही नाही. उतर. मी उतरलो. दह्याच्या पँटनं फाट्यापर्यंत चालत गेलो, आणि तो सगळा पावसाळा चालतच गेलो. चपला हातात, पाय पोटरीपर्यंत काळे. मागून जीप येई, माझ्याजवळ हळू होई. मी मान वळवत नसे. मलाही राग धरता येतो.

दसरा झाल्यावर एका संध्याकाळी अण्णा दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

"वजन किती तुमचं?"

मी म्हणालो, "पन्नास. का?"

"जमतंय. चला, झोपायचंय तुम्हाला."

जीपच्या मागच्या सीट काढल्या होत्या. खाली ज्वारीची चार पोती, त्यावर गादी, त्यावर वाकळ. मी का झोपलो ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा भांडण मिटवण्याचा त्यांना दुसरा रस्ता माहीत नव्हता आणि मलाही नव्हता. पण माझा राग गेला नव्हता. अण्णा चिखलातून जीप घालत आणि दर खड्ड्याला विचारत, "लागलं? कंबरंत का मानंत?" आणि मी मुद्दाम म्हणे, लागलं. कंबरेत. लई लागलं. खरं तर मी घरच्या खाटेवर इतका सुखानं झोपलो नव्हतो. अण्णा उतरत, पाट्याखाली जात, काहीतरी सैल करत, काहीतरी आवळत. असं आठवडाभर रोज शाळेनंतर चाललं. एका पानासाठी ते दोन दिवस दिवसभर गुलबर्ग्याच्या दुकानात बसून आले. मला गंमत वाटत होती. मी सूड घेत होतो.

आठव्या दिवशी मी पडल्या पडल्या विचारलं, "अण्णा, पन्नासच किलोचा माणूस कशाला हवा होता? पाटलांना झोपवायचं."

ते पुढे बघतच म्हणाले, "तिचं बी तेवढंच राहिलंय."

ती म्हणजे शेवंताक्का, त्यांची बायको. नऊ वर्षांपूर्वी त्या कडब्याच्या गंजीवरून पाठीवर पडल्या होत्या. तेव्हापासून घरातल्या घरात, भिंत धरून. दवाखाने झाले होते. गावातल्या सगळ्यांना हे माहीत होतं, मलाही होतं, आणि नऊ वर्षं माहीत असलेल्या गोष्टीकडे माणूस बघत नाही. त्यांचं माहेर बिदरला, नौबादला. जीपचे धक्के सोसणार नाहीत म्हणून अण्णांनी एकदाच त्यांना माहेरी न्यायला बैलगाडीनं फाट्यापर्यंत आणलं होतं. तिथूनच परत आणलं. तेव्हापासून त्या म्हणत, मला माहेर नको.

"तिची माय हाय अजून," अण्णा म्हणाले. "नव्वदीला आलीय. भावानं निरोप धाडलाय, म्हातारी सारखं नाव घ्यायलीय, लौकर या म्हणून. पंधरा दीस झाले. गाडी जमना, म्हणून थांबलोय. तुम्हाला अजून लागायलंय न्हवं."

मी उठून बसलो. त्यातले आठ दिवस माझे होते. आयुष्यात मी पुष्कळांवर चिडलो आहे, पण त्या पोत्यांवर बसून स्वतःवर जितका चिडलो तितका कुणावरच नाही. मी म्हणालो, "अण्णा, मला एकदाही लागलं नाही. मी खोटं बोललो. पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी जीप थांबवली आणि म्हणाले, "मग सकाळी निघू."

सकाळी अक्का वेणी घालून, कुंकू लावून तयार होत्या. नऊ वर्षं नको म्हणणाऱ्या बाईनं उठवायला स्वतःच हात पुढे केला. दोघांनी धरून त्यांना गादीवर ठेवलं. अण्णा म्हणाले, "मास्तर, या." म्हणून मी गेलो. फाट्यावर चारही चाकांत हवा मी एकट्यानं भरली. अण्णांनी मोजलं नाही.

आळंद गेलं, पुढे हुमनाबादही गेलं. डांबरावर अण्णा ताशी वीसनं चालवत होते. दर मिनिटाला आरशात बघत होते. सारा जन्म ओरडण्यात गेलेला माणूस त्या दिवशी तोंड मिटून होता, मागे अक्का दचकायला नकोत म्हणून. आमच्या मागे एक बस आली आणि हॉर्न दाबून धरला. अण्णांनी वेग वाढवला नाही. बसवाला आणखी जवळ आला. मग मी दारातून अर्धा बाहेर वाकलो आणि मराठीत, कानडीत, उर्दूत, बावीस वर्षांच्या नोकरीत जे कधी बोललो नव्हतो ते सगळं बोललो. बोलताना मला रडू येत होतं आणि थांबता येत नव्हतं.

मागून अक्कांचा आवाज आला. "मास्तर, जाऊ द्या त्याला. आत बसा." मग नवऱ्याला म्हणाल्या, "आन तुम्ही जरा जोरात हाणा की. माय वाट बघायली."

"तुला लागंल," अण्णा म्हणाले.

"लागायलंय की. घरात बी लागतंय. त्या बैलगाडीच्या येळंला बी मला सोसलं आसतं." त्यांनी दम घेतला. "तुम्हीच फाट्यावर बसून रडत व्हता. ते मला बघवंना. म्हणून म्हणलं, माहेर नको."

अण्णांनी आरसा हातानं वर फिरवला, म्हणजे मागचं दिसणार नाही असा, आणि गियर बदलला.