मशीनचा आवाज अन् अकोल्याची मंडळी

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी अभियंता आहे! आता मी बांधतो ते नाल्यांवरचे रपटे, म्हणजे बुटके पूल, हे खरं. पण अभियंता म्हणजे अभियंता! ज्याच्या रपट्यावरून कापसानं गच्च भरलेले ट्रक जातात, त्याला धोतर-साड्या गरगर फिरवणारा एक डबा काय अवघड?

म्हणूनच आमच्या घरी नवी वॉशिंग मशीन आली आणि दुकानातून फोन आला, "योगेशसाहेब, उद्या बसवून द्यायला माणूस पाठवतो," तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "अजिबात गरज नाही! माझी मी बसवतो!"

आम्ही अमरावतीत पहिल्या मजल्यावर राहतो. मागच्या गॅलरीत मी मशीन उभी केली, नळी जोडली, प्लग लावला. संपलं! माझी बायको रागिणी दारात उभी राहून काहीतरी बोलत होती. मी "हं, हं" करत बटण दाबलं.

सुरुवात तर मशीननं फार सभ्यपणे केली. पाणी घेतलं, कपडे घोळवले. मग पिळायची वेळ आली, आणि तिच्या अंगातच आलं! धडाड! धडाड! धडाड! आत कोणी पाटा-वरवंटा टाकलाय की काय! शेल्फवरचे डबे नाचू लागले. मग मशीन चक्क चालायला लागली. डुलत डुलत गॅलरी पार करून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली, तिथं तिचा प्लग ताणून निघाला आणि ती थांबली, घरात येऊ का म्हणून विचारायला आल्यासारखी.

"अहो, मी काय म्हणते..." रागिणीनं सुरुवात केली.

"काही म्हणू नको. जमीन सपाट नाही!"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातली पाणसळ घरी आणली. मशीन कलली होती हे खरंच, अगदी तांदळाच्या दाण्याएवढी! मी खाली लाकडाची पाचर ठोकली. मशीन पुन्हा चालली. फक्त यावेळी दिशा बदलून, कठड्याकडे.

मग मी ठरवलं, आत नाणं किंवा हुक अडकलं असेल. खालची गाळणी खोलली. गाळणी खोलण्याआधी पाणी काढून घ्यायचं असतं, हे मला गाळणी खोलल्यावर कळलं! सगळा लोंढा गॅलरीतून खाली गेला. आणि खाली कोण? तळमजल्यावरच्या मैनाबाई! त्यांचा फुलांचा धंदा. अंगणात झेंडूच्या पाट्या मांडून त्या हार गुंफत बसल्या होत्या.

"काय चाल्लं बापा वरतं!" खालून आरोळी आली.

मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. भिजलेली विजार गुडघ्यापर्यंत वर करून, हातात पाना घेऊन मी मशीनपुढे उभा होतो. "तुले वाटते मी हरन?" मी तिच्यावर ओरडलो. "आज तुला सरळच करतो! तुझा आवाज कायमचा बंद करतो का नाही पाह्य!" आणि रागाच्या भरात दोन धपाटे दिले. पत्र्यावरचे धपाटे, आवाज किती होणार ते तुम्हीच समजा. खाली एकदम शांतता पसरली. मला वाटलं, मैनाबाई फुलं पुसायला लागल्या असतील.

आता वजनाचा प्रयोग उरला होता. मशीन हलकी पडते म्हणून उड्या मारते, असा माझा सिद्धांत. घरात सगळ्यात भरवशाचं वजन म्हणजे रागिणी. तिला मी विनवून, हात धरून मशीनवर बसवलं. बसताना ती पुन्हा काहीतरी सांगत होती. मी म्हणालो, "पाना दे." आणि बटण दाबलं.

नेमका तेव्हाच तिच्या आईचा, गंगूबाईंचा, अकोल्याहून फोन आला. रागिणीनं तो घेतला.

"आ-आ-आई... मी-मी ब-ब-बरी आ-आ-आहे..."

"रागिणी! कावून रडून राहिली माय?"

"र-र-रडत ना-ना-नाही... हे-हे-हे म्ह-म्ह-म्हणतात..."

"हलू नको!" मी मागून ओरडलो. "उतरलीस तर सगळं पहिल्यापासून करावं लागन!"

तेवढ्यात मशीननं असा हिसका दिला की फोन उडून बादलीत पडला. त्याला तांदळाच्या डब्यात घालून ठेवलं. माझा नंबर सासूबाईंकडे होता, पण मी कामाच्या वेळी फोन बंद ठेवतो. काम असं करायचं असतं!

तिकडे काय घडत होतं, ते मला नंतर कळलं. मैनाबाईंची लेक जमुना अकोल्यात माझ्या सासुरवाडीच्या गल्लीतच दिलेली. मैनाबाईंनी तिला फोन केला, "वरतचा साहेब रोज बायकोले बदडते वं! भांडे फेकते, पाणी फेकते. परवा तर म्हणे आवाज कायमचा बंद करतो!" जमुना धावत माझ्या सासूबाईंकडे गेली. सासूबाईंच्या कानात लेकीचा थरथरता आवाज ताजाच होता.

रविवारी सकाळी दार वाजलं. उघडतो तर सासूबाई, सासरे शालिकराम आणि त्यांच्यामागे नत्थुकाका! नत्थुकाका म्हणजे सासऱ्यांचे चुलतभाऊ. मूर्तिजापूरला शेती, आणि आसपासच्या गावांत नवरा-बायकोची भांडणं मिटवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. वाटेत गाडी थांबली तेव्हा त्यांना घेतलं होतं. टोपी कडक इस्त्रीची, चेहरा त्याहून कडक.

"या, या! असे अचानक?" मी म्हणालो. हातात पाना होता. तिघांनीही आधी पान्याकडे पाहिलं.

"रागिणी कुठं आहे?" सासूबाईंचा आवाज कापत होता.

"कोथिंबीर आणायला गेली. येईल आता."

मंडळी बसली. पाणी कोणी घेईना. शेवटी नत्थुकाका खाकरले. "जवाईबापू, आडपडदा ठेवत नाही. घरात एवढा आवाज कावून होऊन राहिला?"

मला भरूनच आलं! इतक्या लांबून माणसं आली आणि पहिला प्रश्न माझ्या मशीनचा! "काका, काय सांगू! एरवी शांत असते हो. पण जरा भार पडला का अंगात आल्यासारखी करते."

"अन् भार कोण टाकते?"

"मीच टाकतो. घरात आणली कशाले मग?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मग तुमी काय करता?" काकांनी विचारलं.

"सगळं करून पाह्यलं. दाबून धरली. दोन धपाटे दिले. पण फरक नाही! आता एकच उपाय. नाही सुधारली तर परत पाठवून देतो."

"परत पाठवता?" मामाजी ताडकन उभे राहिले. माझे सासरे आवाज चढवणारे नव्हेत, पण त्या दिवशी भिंती हलल्या. "बारा वर्षांनी परत पाठवता? आमची पोरगी काय रस्त्यावर पडली होती?"

"पोरगी?" मी चक्रावलो. "मामाजी, आणून अजून पंधरवडा नाही झाला!"

नत्थुकाकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "थांबा. तुमी कोणाबद्दल बोलून राहिले?"

"वॉशिंग मशीनबद्दल! आणि तुमी?"

दारात रागिणी उभी होती, हातात कोथिंबिरीची जुडी. तिनं शेवटचं सगळं ऐकलं होतं. ती आधी गालात हसली, मग भिंतीला टेकून हसली, मग पोट धरून खालीच बसली. मामाजी हसले. नत्थुकाका तर असे हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो, थोडं उशिरा.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी रागिणीला जवळ बसवलं, तिच्या दंडावरून हात फिरवला, आणि हळूच म्हणाल्या, "मशीनचं झालं माय. तुझं सांग. तुले काही तरास आहे का?"

आता "नाही वं आई" म्हणेल आणि चहा ठेवायला उठेल, असं मला वाटलं. ती उठली नाही. कोथिंबिरीची काडी बोटाला गुंडाळत बसली.

"तरास नाही," ती म्हणाली. "मारणं नाही, शिव्या नाही. हे माणूस म्हणून चांगलेच आहेत. फक्त..."

"फक्त काय?"

"यांले ऐकू येत नाही."

"कानाचा डॉक्टर पाहू नं मंग!" नत्थुकाका उत्साहानं म्हणाले.

"कानानं येते काका. मशीन आली तवा हे ऑफिसात होते. आणणाऱ्या पोरांनी मले दाखवलं, पाठीमागं चार बोल्ट आहेत, प्रवासात आतला डबा हलू नये म्हणून आवळलेले. ते काढल्याशिवाय चालवू नका. मी त्याच दिवशी यांले सांगतलं. हे म्हणाले, 'हं.' थोड्या वेळानं पुन्हा सांगतलं. म्हणाले, 'जमीन सपाट नाही.'"

मला एकदम गरम व्हायला लागलं. "मग तूच का नाही काढले?"

"पान्याच्या पेटीले तुमी हात लावू देता कोणाले?"

मी हातातल्या पान्याकडे पाहिलं. पण तिचं झालं नव्हतं.

"बोल्टाचं काही नाही," ती पुढे म्हणाली. आता हसू पार गेलं होतं. "ज्या दिवशी यांनी मले मशीनवर बसवलं, त्या दिवशी मी एक गोष्ट सांगून राहिली होती. बाजूच्या शाळेत मराठी शिकवायची जागा निघाली. मोठ्या बाईंनी मले बोलावलं. मी यांले विचारलं, मी जाऊ का? हे म्हणाले, 'पाना दे.'"

खाली मैनाबाईंच्या अंगणात कोणीतरी पाट्या ओढत होतं, तेवढाच आवाज. खरं सांगतो, तिचं ते विचारणं मला आठवतही नव्हतं. मशीनची खडखड मला गाढ झोपेतही ओळखू आली असती. पण बायको माझ्यासमोर बसून तिच्या मनातली सगळ्यात मोठी गोष्ट बोलली होती, आणि माझ्यापर्यंत त्यातला एक शब्द पोचला नव्हता.

"मग जा ना," मी म्हणालो. "मी कुठं नाही म्हटलं?"

"हो तरी कुठं म्हटलं?"

ती भांडत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं, मी वरच्या पट्टीत काहीतरी बोललो असतो. ती नुसतं पाहत होती, आणि मला कुठं पाहावं कळत नव्हतं. मी पाना टेबलावर ठेवला.

"जा," मी म्हणालो. "म्हणजे... हो. तू शिकवशील तर पोरांचं भलं होईल. मला आवडेल." माणसाला असं साधं बोलायला एवढा घाम का फुटतो, कोणास ठाऊक!

"मोठ्या बाईले उद्या सांगायचं आहे," ती म्हणाली.

"उद्या कावून? आत्ताच फोन कर!" सासूबाई म्हणाल्या. फोन तांदळात होता. सासूबाईंनी आपला दिला.

मग आम्ही सगळे गॅलरीत गेलो. रागिणीनं टॉर्च धरला, मी मशीनच्या मागे शिरलो. बोल्ट होते. चार. माझ्या नाकासमोर! पिवळ्या चिठ्ठीसकट! मी ते काढले, आणि रागिणीनं बटण दाबलं. पाणी आलं, कपडे फिरले, पिळायची वेळ आली. सगळे श्वास रोखून उभे. मशीन नुसती गुणगुणली. जागची हलली नाही.

नत्थुकाकांनी एक बोल्ट हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "एवढं आवळून ठेवल्यावर आदळनच नं बाप्पा!" ते म्हणाले. हे ते मशीनबद्दलच बोलले असावेत. मी विचारलं नाही.

तेवढ्यात मैनाबाई धापा टाकत वर आल्या. "आवाज बंद झाला म्हणून पाहाले आली! रागिणी जित्ती आहे नं?" तिला धडधाकट पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांची झेंडूबद्दल माफी मागितली. "फुलांचं पाणी सुकलं जी," त्या म्हणाल्या, "पण माह्या जिवाचं पाणी झालं होतं." मला वाटलं, चुकीचं का होईना, या बाईनं ऐकलं तरी!

जूनच्या शेवटी रागिणी शाळेत जायला लागली. पाऊस लांबला होता, ऊन पार कहर करत होतं. एका सकाळी मामाजींचा फोन आला, दबक्या आवाजात.

"जवाईबापू, आमचा कूलर लय खडखड करून राहिला. मी खोलला. आता बसत नाही. तुमी येता का? अन् तुमच्या मामीले सांगू नका."

मला आतून कसं शहाणं वाटलं! मी खुर्चीत रेलून बसलो. "मामाजी, पान्याचं काम नंतर. आधी मला सांगा, मामी काय म्हणतात?"

"ते काय म्हणन? तिले काय समजते त्यातलं?"

"तिथंच आपण चुकतो!" मी म्हणालो. "घरातलं माणूस काय सांगतं, ते कान देऊन ऐकावं लागते. नुसतं 'हं हं' करून चालत नाही. मनापासून ऐका. मी अनुभवानं सांगतो!"

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "कूलरच्या टाकीत पाणी नाही म्हणून सकाळपासून बोंबलून राहिली मी!"

मामाजींनी मुकाट्यानं फोन ठेवला. मी समाधानानं उसासा टाकला आणि वळलो. दारात रागिणी उभी. पायात चपला, खांद्याला पिशवी, शाळेची वेळ झालेली.

"झालं बोलून?" तिनं विचारलं.

"हो! मामाजींना जरा समजावत होतो."

"ऐकलं मी. अन् मी मघापासून काय सांगून राहिली?"

"हं?" मी म्हणालो.

तिनं स्वयंपाकघराकडे बोट केलं. दूध उतू जाऊन गॅसवरून ओट्यावर आणि ओट्यावरून फरशीवर पोचलं होतं.