शेऱ्याचा सबाव

विचुंब्यात आमच्या इमारतीला लागून नामदेवकाकांचं घर आहे. पाहुणा आला की काका आधी त्याला अंगणात नेत आणि जेवणाऱ्या शेऱ्या कुत्र्याच्या ताटलीत हात घालून दाखवत. शेऱ्या भात-बोंबील सोडून मान वर करी. काका कुंपणाकडे वळून मला विजयी मुद्रेने म्हणत, "बगा मास्तर, ह्याला बोलतात सबाव. आमी घडवलाय."

ते घडवणं मी कुंपणावरून पाहिलं होतं. पिल्लू असताना शेऱ्या ताटलीवर गुरगुरे. गुरगुरला की काकांची चप्पल पाठीत. काही महिन्यांत त्याचा आवाज बंद झाला. काकांनी पेढे वाटले. शाळेत मीही वर्ग असाच शांत ठेवत आलो होतो, त्यामुळे पेढा निमूटपणे खाल्ला.

काका मग गावाचे श्वानतज्ज्ञ झाले. कुणाच्या घरी बाळ आलं की त्यांच्या कुत्र्याला पास-नापास काका करणार. "पोर आनी कुत्रा येका अंगनात वाढला पायजे," हा त्यांचा सिद्धांत. त्यांची पाच वर्षांची नात सई शेऱ्याचे कान ओढी, पाठीवर बसे. शेऱ्या अंग आक्रसून, ओठ चाटत, तिरप्या डोळ्यांनी पाहत राही.

सून म्हणाली, "बाबा, त्याला आवडत नाहीये."

"नाय आवडला तर बोलंल ना तो," काका म्हणाले.

एका दुपारी सईने त्याच्या ताटलीतला बोंबील उचलला. शेऱ्या काही बोलला नाही. एकदम चावला. सईच्या गालावर चार टाके पडले.

काकांच्या मुलाने सांगितलं, घरात एक तर कुत्रा राहील नाहीतर आम्ही. काकांनी वाद घातला नाही. शेऱ्याला पळस्प्याला मेहुण्याच्या वाडीवर नेऊन बांधलं. परतताना माझ्या स्कूटरवर मागून एवढंच म्हणाले, "सांगत व्हता तो, मास्तर. मीच त्याची जीब बंद केली." गावातल्या कुत्र्यांच्या परीक्षा त्या दिवसापासून बंद आहेत.

दर रविवारी आम्ही डबा घेऊन वाडीवर जातो. परवा घरून निघताना सई फाटकाशी आली.

"आजोबा, शेऱ्याला शिक्षा केली?"

"नाय गो बाय. त्याची काय चूक नाय. चूक माजी हाय."

सईने विचार केला. "मग त्याला का बांधलंय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्कूटर सुरू केली.